माईकशिवाय वादक बोलवायचेत? आधी पाहुणे बोलणार की ऐकणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. ऐंशी पाहुणे, संध्याकाळचे तीन तास, पहिला भाग हिरवळीवर आणि नंतर आत वातानुकूलित हॉलमध्ये जेवण. गिटार, व्हायोलिन आणि बासरी असे तिघं बोलवायचेत, स्पीकर-बिकर काही नको. संगीत 'गप्पांच्या आड येऊ नये, पण सगळ्यांच्या लक्षात राहावं'. शिवाय काका दोन गाणी म्हणणार आहेत. माणसं कशी निवडायची, पैशांचं कसं ठरवायचं आणि लिहून काय घ्यायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी २३ वर्षं अशा घरगुती समारंभांत गिटार वाजवतोय आणि गेली काही वर्षं दुसऱ्यांसाठी वादक जुळवूनही देतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन झाल्यात. निवडीचं आणि पैशांचं पुढे सांगतोच, पण खरी अडचण तुमच्या त्या अवतरणातल्या वाक्यात आहे. 'आड येऊ नये' ही एक सुपारी आणि 'लक्षात राहावं' ही दुसरी. (आम्ही कार्यक्रमाला सुपारीच म्हणतो, घाबरू नका.) दोन्ही एकाच संध्याकाळी होऊ शकतात, पण एकाच वेळी नाही. पाहुणे जेव्हा बोलत असतात तेव्हा ते ऐकत नसतात, आणि यात त्यांचा काही गुन्हा नाही. दहा वर्षांनी भेटलेला मावसभाऊ समोर उभा असताना बासरीकडे कोण लक्ष देणार?

फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी १९२० साली पॅरिसच्या एका कलादालनात याच्या उलटा प्रयोग करून पाहिला होता. नाटकाच्या मध्यंतरात वाजणारं संगीत टेबलखुर्चीसारखं असावं, आहे म्हणून असावं, कोणी त्याच्याकडे लक्ष देऊ नये, अशी त्यांची कल्पना. वादक मुद्दाम इकडेतिकडे विखरून बसवले. पण वादन सुरू होताच लोक गप्प होऊन जागेवर येऊन बसले, आणि साती बिचारे 'बोला, हिंडा, ऐकू नका' म्हणत फिरत राहिले. असे पाहुणे मला २३ वर्षांत एकदाही मिळालेले नाहीत.

आता माईक नको म्हणताय त्याबद्दल. अकूस्टिक वाद्य म्हणजे वीज न लागता स्वतःच्या लाकडातून, तारेतून, हवेतून आवाज काढणारं वाद्य. ते माईकशिवायच वाजवायचं असा त्याचा अर्थ होत नाही. माईक लागणार की नाही हे जागा आणि माणसं ठरवतात, वाद्य नाही. हिशोब सोपा आहे. दोन माणसांचं साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतं. बोटांनी छेडलेली नायलॉन तारांची गिटार तेवढ्याच अंतरावर ७०च्या आसपास जाते. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ६४, चारवर ५८, आठ मीटरवर ५२. आठ मीटर म्हणजे हिरवळीचा दुसरा कोपरासुद्धा नव्हे, आणि तिथे गिटार शेजारच्या माणसाच्या बोलण्यापेक्षाही खाली गेलेली असते. हॉलमध्ये भिंती आणि छत आवाज परत पाठवतात म्हणून गिटारची घट जरा कमी होते, पण तीच मदत ऐंशी जणांच्या गप्पांनाही मिळते.

गप्पा तर चढत्याच असतात. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच कान-घशाच्या डॉक्टरांनी १९११ मध्ये हे मांडलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. याने चढवला म्हणून तो चढवतो, त्याने चढवला म्हणून तिसरा. वादकाने चढवला तर सगळेच. म्हणून 'जरा जोरात वाजवा ना' ही सूचना शंभरातल्या नव्वद वेळा उलटी लागू पडते.

'मग दोन गिटारवाले बोलवू' असं यजमान हमखास म्हणतात. दोन सारखी वाद्यं मिळून फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहा गिटारी. दहाजणांची बिदागी आणि दहाजणांचं जेवण करण्यापेक्षा एक छोटा स्पीकर परवडतो. गिटारवाल्यांचं हे दुखणं तसं जुनंच आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत पोटात धातूच्या थाळ्या बसवलेल्या गिटारी निघाल्या त्या याचसाठी, की बँडमधल्या पितळी वाद्यांत गिटारचा पत्ताच लागत नव्हता. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया मोठमोठ्या सभागृहांत माईकशिवाय वाजवत हे खरं. पण तिथे तिकीट काढून आलेला माणूस खोकलासुद्धा दाबून धरायचा.

तुमच्या तिघांपैकी व्हायोलिन सगळ्यात लांब जाईल. गजाने वाजणारा सूर हवा तेवढा वेळ त्याच ताकदीने टिकवता येतो. छेडलेली तार मात्र छेडल्या क्षणापासून मरायला लागते, मग ती गिटार असो, सतार असो की हार्प. बासरी वरच्या सप्तकात गर्दी कापून जाते, पण खालच्या सप्तकातलं तिचं गोड, फुंकर मिसळलेलं काम तीन मीटरच्या पुढे कोणाला कळत नाही. तालाला कोणी हवंच असेल तर तबला किंवा कहोन (ज्यावर बसून हाताने वाजवतात ती लाकडी पेटी) चालेल, पण हॉलमध्ये कहोन गिटारला सहज खाऊन टाकतो. आणि गप्पांच्या वेळी गायक नको. कानावर शब्द पडले की मेंदू ते समजून घ्यायला जातो. मग बोलणाऱ्याला वैताग आणि गाणाऱ्याचा अपमान.

तुमच्या जागी मी असतो तर संध्याकाळ अशी कापली असती.

पहिला तास हिरवळीवर, फक्त व्हायोलिन आणि गिटार. पाहुणे आत येण्याच्या वाटेच्या जवळ, पण वाटेत नाही. पाठीशी भिंत असली तर उत्तम, आवाज पुढे ढकलला जातो. माईक नाही. ज्याला ऐकायचंय तो जवळ येईल, बाकीच्यांना येताना-जाताना सूर कानावर पडेल, तेवढं पुरे. गिटारला पिकअप (तारांचा आवाज अँप्लिफायरला पोचवणारं, गिटारलाच बसवलेलं यंत्र) असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा अँप्लिफायर पायाशी ठेवू द्या. वाजतोय असं कोणाला कळणारही नाही आणि वादकाची बोटं वाचतील.

मग आत जायचं, जेवणाआधी सगळ्यांना बसवायचं आणि ३५ मिनिटं फक्त ऐकायचं. तुमचं 'लक्षात राहावं' ते इथे. तिघं एकत्र, खुर्च्या अर्धवर्तुळात, दिवे थोडे मंद, आणि या ३५ मिनिटांत वाढपी थांबलेले. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. ताटं-पेले हलायला लागले की बैठक संपली म्हणून समजा. सुरुवातीला घरातल्या कोणीतरी उभं राहून दोन वाक्यं बोलावीत: आता अर्धा तास ऐकू, मग जेवू. हे वादकाने सांगितलं तर विनवणी वाटते, यजमानाने सांगितलं की लोक मानतात. काकांची गाणीही इथेच, शेवटी.

जेवताना एकटी गिटार किंवा काहीच नाही. काहीच नाही हा पर्याय लोकांना पैसे वाया गेल्यासारखा वाटतो, पण त्या वेळी वादकही जेवत असतात आणि ते त्यांना मनापासून द्या. उरलेलं ताट मागच्या दाराने देणारे यजमान आम्हाला वर्षानुवर्षं आठवतात.

हॉलमध्ये ऐंशी लोकांपुढे माईक लागतील, तो हट्ट सोडा. पण एका टोकाला दोन मोठे स्पीकर उभे करू नका. पुढच्या रांगेचे कान फाटतात आणि मागची रांग बोलत बसते. त्याऐवजी चार लहान स्पीकर माणसांच्या जवळ, अगदी हलक्या आवाजात. साउंडवाला वादकांच्या ओळखीचा असेल तर फार बरं. नाचगाण्याच्या साउंडवाल्याला बासरीचा माईक कसा लावायचा हे बहुधा माहीत नसतं. तो आवाज वाढवतो, माईक शिट्टी मारतो, तो अजून घाबरतो.

साउंड चेकबद्दल एक गोष्ट. रिकाम्या हॉलमध्ये जमवलेला आवाज भरल्या हॉलमध्ये तसाच राहत नाही. हार्वर्डमध्ये १८९५ साली एका व्याख्यानगृहात इतका घुमारा होता की व्याख्यात्याचे शब्द एकमेकांवर आदळत. ते दुरुस्त करायचं काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. त्याने दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, घुमारा मोजायचा आणि सकाळपर्यंत परत नेऊन ठेवायच्या, असं रात्रीमागून रात्री केलं. त्यातून घुमाऱ्याचं गणित निघालं, आणि माणसाचं शरीर आणि कपडेही गादीसारखेच आवाज पितात हेही. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये घुमतंय म्हणून घाबरू नका आणि छान वाटतंय म्हणून निर्धास्तही राहू नका. पाहुणे बसल्यावर पाच मिनिटं साउंडवाल्याने मागच्या रांगेत उभं राहून ऐकायला हवं.

तुमच्या बाबतीत अजून एक भानगड आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. बाहेरून आत जाणं. हवा तापली की बासरीचा सूर चढतो, कारण गरम हवेत ध्वनी जास्त वेगाने जातो. एका अंशाला साधारण ३ सेंट, आणि १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. बाहेर आणि आत दहा अंशांचा फरक असेल तर बासरी जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर हलते. आणि तारांची वाद्यं? ती उष्ण हवेत सैल पडून उतरतात. म्हणजे दोघं विरुद्ध दिशांना पळतात. म्हणूनच मी बासरी बाहेर ठेवलेली नाही. आत गेल्यावर वाद्यांना पंधरा मिनिटं नुसतं राहू द्या, मग सुरात लावायला दहा मिनिटं, तीही जरा शांत कोपऱ्यात. ही पंचवीस मिनिटं वेळापत्रकात लिहा, नाहीतर कोणीतरी येऊन 'अजून किती वेळ ट्यूनिंग?' विचारणारच.

ऊन आणि पाणी याबद्दल मी वाद घालत नाही. व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं, आणि उन्हात सरस मऊ पडून सांधा सुटू शकतो. एकदा एका बागेत भुरभूर सुरू झाली तेव्हा आमच्या व्हायोलिनवादक बाईंनी गत अर्ध्यावर सोडून वाद्य पेटीत ठेवलं आणि पेटी उचलून सरळ आत निघून गेल्या. यजमान संतापले. मी तेव्हा तरुण होतो, मलाही ते उद्धट वाटलं. आज मी त्यांच्या आधी पळतो. ते वाद्य यजमानांच्या अख्ख्या कार्यक्रमाच्या खर्चापेक्षा महाग होतं. तेव्हा छप्पर हवं, नुसती छत्री नव्हे, आणि पाऊस आला तर कुठे बसायचं ते आधी ठरलेलं हवं.

बाकी जागेचं पटकन: बिनहाताच्या खुर्च्या (हाताच्या खुर्चीत गिटार बसत नाही), स्वरलिपी वाचण्यापुरता दिवा, वाऱ्यात कागद उडू नयेत म्हणून चिमटे, वाद्यांच्या पेट्या ठेवायला कुलूप लागेल अशी खोली. कारंजं, मुदपाकखान्याचं दार आणि जनरेटर यांच्यापासून दूर. एका ठिकाणी आम्हाला जनरेटरला पाठ लावून बसवलं होतं. त्या घरघरीलाही स्वतःचा सूर होता आणि तो आमच्या कुठल्याच पट्टीत बसेना.

आता निवड. स्टुडिओतलं, चार-चार गिटारी एकावर एक चढवलेलं रेकॉर्डिंग ऐकून कोणालाही ठरवू नका. एकसलग, न कापलेला व्हिडिओ मागा, शक्यतो प्रेक्षकांतल्या कोणी मोबाइलवर घेतलेला. त्यात आवाज खराब असेल, असू दे. बघायचं ते वेगळंच: दोन गतींच्या मधे किती वेळ जातो, चूक झाल्यावर चेहरा कसा होतो, समोर लोक बोलत असताना हे चिडतात की हसून पुढे जातात. घरगुती समारंभात बोटांइतकीच ही सवय लागते. फार मोठा बैठकीचा कलाकार गप्पांच्या वेळी बसवलात तर त्यालाही दुःख आणि तुम्हालाही.

मग थेट विचारा: व्हिडिओत जे तिघं दिसतात तेच येणार का? आमच्या धंद्यात हे फार घडतं. नाव एकाचं, येतो दुसराच. बदली माणूस वाईटच असतो असं नाही, अनेकदा बराच असतो, पण तिघांनी एकत्र कधीच वाजवलेलं नसेल तर ऐंशी लोकांसमोर त्यांची पहिली तालीम होते. नुसतं सगळं वाजवतो म्हणणाऱ्यापेक्षा चाळीस-पन्नास चिजांची यादी पाठवणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. आणि जो तुम्हाला उलटे प्रश्न विचारतो (पाहुणे किती, फरशी की गालिचा, वीज कुठे, पाऊस आला तर) त्याला अर्धा निवडलाच म्हणून समजा.

पैशांचे आकडे मी सांगत नाही, ते गावागणिक आणि माणसागणिक बदलतात. पण बिदागी कशाची असते ते समजून घ्या. तुमचे तीन तास म्हणजे वादकाचे सात-आठ: येणं, लावणं, थांबणं, वाजवणं, आवरणं, परतणं. त्याआधी तालमी. म्हणून 'दीड तासच वाजवा, अर्धे घ्या' हे गणित बसत नाही. बजेट कमी असेल तर बिदागी घासू नका, माणूस कमी करा. तीन नाराज वादकांपेक्षा दोन खूश वादक केव्हाही चांगले. सलग तीन तास कोणी वाजवत नाही, पाऊण तास वादन आणि पंधरा-वीस मिनिटं विश्रांती हे चालतं. तुमच्या आवडीच्या दोन-तीन चिजा ते बहुधा तशाच बसवतील, पण तीन आठवडे आधी सांगा. दहा नव्या सांगितल्यात तर त्या बसवायचे वेगळे पैसे मागतील, आणि ते योग्य आहे.

लिहून घेताना वकिली भाषेची गरज नाही, दोघांनी 'मान्य' म्हटलेला एक ईमेल पुरतो. त्यात तारीख, पत्ता, पोचायची वेळ आणि वाजवायला सुरुवात करायची वेळ वेगवेगळ्या लिहा. तिघांची नावं. एकूण रक्कम, आगाऊ किती (पाव ते अर्धी रक्कम सर्रास मागतात), उरलेली कधी आणि कोणाच्या हातून. हे शेवटचं नाव लिहाच, कारण रात्री अकराला यजमान सापडत नाहीत. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी वादकाचं घड्याळ ठरल्या वेळीच सुरू होतं, म्हणून जादा अर्ध्या तासाचा दर आत्ताच ठरवा. तुम्ही रद्द केलंत तर काय, त्यांनी केलं तर काय, आजारी पडल्यास बदली कोण. चित्रीकरण करून नेटवर टाकणार असाल तर त्यांची परवानगी घ्या, आणि हॉलवाल्यांना संगीताच्या परवान्याचं आणि रात्रीच्या आवाजाच्या वेळेचं विचारा. हे नियम सगळीकडे वेगळे आहेत आणि ते जागेवाल्यांना पाठ असतात.

राहिले काका. समारंभात घरचा माणूस गातो तेव्हा नव्वद टक्के घोळ पट्टीचा होतो. काका घरी काळी चारमध्ये गातात की पांढरी दोनमध्ये हे त्यांनाच नीट माहीत नसतं, आणि ऐन वेळी उत्साहात ते दोन स्वर वर धरतात. गिटारवाला कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) सरकवून जुळवून घेईल, व्हायोलिनवाल्यालाही फारशी अडचण नाही, पण बासरीवाल्याला त्या पट्टीची बासरी पिशवीत टाकून आणावी लागते, आणि आणली नसेल तर तो नुसता बसून राहील. तेव्हा काकांना आजच सांगा: दोन्ही गाण्यांची पहिली ओळ आणि सगळ्यात वर जाणारी ओळ, घरी जशी गातात तशी, बाजा-बिजा न लावता मोबाइलवर म्हणून पाठवा. तीनदा, वेगवेगळ्या दिवशी. तिन्ही वेळा पट्टी वेगळी निघाली तर त्यातली सगळ्यात खालची वादकांना कळवा, आणि काकांना काही सांगू नका.